नेत्रशिबिराची वही आणि आमच्या बाईंचा डोळा



मागच्या महिन्यात आमच्या नागापुरात नेत्रतपासणी शिबिर झालं. नगर-मनमाड रस्त्याच्या आत, एमआयडीसीतल्या कामगारांच्या वस्तीजवळ. भरवणारा आमच्या भागातला सेवाभावी क्लब. पिवळी जॅकेटं घालून फिरणारी ही मंडळी तुम्ही तुमच्याही गावात पाहिली असतील. मी क्लबची सभासद नाही. पण बी. कॉम. झालेली बाई म्हटल्यावर वही आपोआप माझ्याकडे येते. नाव, वय, पत्ता, फोन नंबर, साखर, रक्तदाब, डावा डोळा, उजवा डोळा असे रकाने आखून मी सकाळी नऊला टेबलाशी बसते.

रांगेत एक आजी आल्या. मुलगा कारखान्यात कामाला, त्या गावाकडून त्याच्याकडे राहायला आलेल्या. मी नाव लिहून घेतलं तरी त्या पुढे सरकेनात. हळूच वाकून म्हणाल्या, "ताई, फुकट हाये म्हणून कसंबी करणार नाय ना?"

मागचा मुलगा ओशाळला. "आये, काय बोलती," म्हणाला. मी मात्र पेन खाली ठेवलं. कारण हाच प्रश्न आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी विचारायला हवा होता. कोणीच विचारला नाही. आजींना तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, रांग मोठी होती. पूर्ण उत्तर आज लिहिते आहे.

माझं लग्न १९८१ साली झालं आणि मी नगरच्या बाजारपेठेतल्या किराणा-भुसाराच्या घरात आले. सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणायचो, सासऱ्यांना बापूजी. बाईंचं सगळं जगणं जयणेचं. म्हणजे चालताना खाली बघून चालायचं, पाणी गाळून घ्यायचं, धान्य परातीत पसरून एकेक दाणा बघून निवडायचं, त्यातला किडा-टोका अलगद बाजूला ठेवायचा. आता विचार करा, या सगळ्याला आधी काय लागतं? डोळे लागतात. बाईंना मोतीबिंदू वाढू लागला तेव्हा त्यांचं पहिलं दुःख 'मला दिसत नाही' हे नव्हतं. "माझ्या पायाखाली काय येतंय ते मला कळत नाही," असं त्या म्हणायच्या. निवडायची परात त्यांनी माझ्याकडे दिली त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

१९८३च्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका गावी मोठं नेत्रशिबिर भरलं. बापूजींनी त्याला पोत्यांनी धान्य दिलं होतं, स्वयंपाकाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. "दुसऱ्यांना पाठवतो, मग आपलं माणूस का नको?" म्हणून त्यांनी बाईंना तिथेच नेलं. खासगी दवाखान्याचे पैसे आमच्याकडे नव्हते असं नाही. पण आपण ज्या सेवेला हातभार लावतो, तिथे आपलंच माणूस न्यायचं नाही हे त्यांना पटत नव्हतं.

आता अशी शिबिरं मुळात आली कुठून, ते थोडं सांगते.

सेवाभावी क्लब आणि डोळे हे नातं जुळलं ते एका बाईमुळे. शिकागोतले विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ साली लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट इथे तिच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या. दीड वर्षाच्या असताना आजारपणात त्यांचे डोळे आणि कान दोन्ही गेले होते. अंधाराविरुद्धच्या लढ्यात अंधांच्या बाजूने उभे राहा, असं आवाहन त्यांनी केलं आणि लायन्सनी ते काम आपलं मानलं. १९३० साली पिओरिया गावातले लायन जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रहदारीत रस्ता ओलांडताना अडखळताना पाहिलं. त्याच्या काळ्या काठीकडे कोणाचं लक्षच जात नव्हतं. त्यावरून त्यांना पांढरी काठी सुचली. आज आपण ती बघितली की गाडी थांबवतो.

आपल्या देशातला पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईत सुरू झाला. रोटरी तर त्याआधीच आली होती. हे क्लब गावोगाव पसरले आणि त्यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला तो मोतीबिंदूचा. डोळ्यांचे डॉक्टर शहरात, रुग्ण खेड्यात. बैलगाडीने, एसटीने नगरला किंवा पुण्याला यायचं, राहायचं कुठे, सोबत कोण येणार, मजुरी बुडणार. त्यामुळे 'म्हातारपणी दिसत नाहीच' असं म्हणून माणसं ओट्यावर बसून राहायची. मग रुग्णाने डॉक्टरांकडे जाण्याऐवजी डॉक्टरांनाच गावात आणायचं, ही शिबिराची कल्पना रुजली. कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी तर गावोगाव फिरून हजारोंच्या संख्येने शस्त्रक्रिया करण्यासाठी देशभर प्रसिद्ध झाले. १९७६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि शिबिरांना आणखी बळ मिळालं.

त्या काळातली शिबिरं शाळेत, धर्मशाळेत, मंगल कार्यालयात भरायची. वर्गातले बाक बाहेर काढायचे, चुन्याने भिंती पांढऱ्या करायच्या, स्टोव्हवर पाणी उकळायचं आणि त्यात हत्यारं. एका दिवसात शंभर-शंभर शस्त्रक्रिया. तेव्हाच्या पद्धतीत डोळ्यातलं पूर्ण भिंग काढून टाकायचे. रुग्णाने डोळ्याला पट्टी बांधून, मान न हलवता कित्येक दिवस सतरंजीवर पडून राहायचं. आणि नंतर दहा नंबरच्या आसपासचा तो जाड चष्मा. आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना तो आठवत असेल. त्यातून डोळे मोठेच्या मोठे दिसायचे, आणि जिना उतरताना पायरी कुठे आहे ते कळायचं नाही. तरीही जिथे काहीच नव्हतं तिथे त्या चष्म्याने लाखो माणसांना नातवाचं तोंड दाखवलं. हे नाकारून चालणार नाही, म्हणून आधी सांगितलं.

बाईंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्री डोळा ठणकू लागला. सोबतीला मी होते. मी तिथल्या स्वयंसेवकाला सांगितलं, तो म्हणाला, "टाके आहेत, दुखणारच." डॉक्टर दुसऱ्या गावच्या शिबिराला गेले होते. चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पापणी सुजलेली आणि आतून पू. आम्ही जीप करून त्यांना नगरला आणलं, तिथून पुण्याला नेलं. डोळा वाचला नाही.

आणि मग आमच्या घरात जे झालं, ते आज मला त्या जंतूंपेक्षाही जास्त टोचतं. कोणी काही बोललंच नाही. ज्यांनी शिबिर भरवलं त्यांनी विचारपूस केली नाही, आम्हीही त्यांना विचारलं नाही. सेवेचं काम, फुकटचं काम, चांगली माणसं, त्यांना कसं विचारायचं? आणखी किती जणांना असं झालं, ते कोणाच्याही वहीत नव्हतं. वहीत फक्त 'शस्त्रक्रिया झाली' एवढाच रकाना होता. बाई म्हणाल्या, "माझं कर्म." विषय संपला. उजव्या डोळ्याला मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

तीन वर्षांनी, १९८६ साली, पेपरात बातमी आली. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातल्या खुर्जा गावी एप्रिल महिन्यात स्थानिक लायन्स क्लबने नेत्रशिबिर भरवलं होतं. १०८ जणांच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ८८ मोतीबिंदूच्या. आणि ८४ जणांचा शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गेला. डोळा धुवायला वापरलेलं सलाईनच दूषित असावं, असं पुढे चौकशीत दिसलं. बाईंना दुपारी पेपर वाचून दाखवायचं काम माझं होतं. मी ती बातमी गाळून पुढची वाचायला लागले, पण बापूजी शेजारी बसले होते. ते म्हणाले, "वाच तिला. पूर्ण वाच."

मी वाचली. बाई माळ थांबवून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी जण मोजले तरी. मला कोणी मोजलं नाही."

त्या वर्षीच्या संवत्सरीला प्रतिक्रमण करून सगळे घरी आलो. आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतोच, पण किती वेळा ते तोंडदेखलं असतं! त्या दिवशी बापूजी बाईंसमोर खाली बसले. पन्नास वर्षांच्या संसारात ते बाईंसमोर असे बसलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, "तू कर्म म्हणालीस म्हणून मी सुटलो असं समजत होतो. कर्म तुझं असेल, प्रमाद माझा होता. मी धान्य किती लागेल ते मोजलं. हत्यारं किती वेळ उकळली ते विचारलं नाही." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात जोडले, इतकंच.

आपल्या शास्त्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. हेतू वाईट नसला तरी बेसावधपणा हा दोष आहेच. दाणे निवडताना जी जयणा आपण पाळतो ती दान देताना, सेवा करताना कुठे जाते? मी त्या दिवसापासून हा प्रश्न मनात ठेवला आहे.

खुर्ज्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे १९८९ मध्ये निकाल लागला. आधी मिळालेल्या पाच हजारांशिवाय प्रत्येकाला आणखी १२,५०० रुपये उत्तर प्रदेश सरकारने द्यावेत, असा आदेश झाला. एका डोळ्याची किंमत साडेसतरा हजार होते का, असं तुम्ही विचाराल. होत नाही. पण फुकटच्या सेवेतही माणसाला हक्क असतो आणि शिबिराला नियम असतात, एवढं तरी त्यातून देशासमोर आलं.

त्यानंतर काळ बदलत गेला. लायन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये 'साइटफर्स्ट' नावाचा मोठा कार्यक्रम सुरू केला आणि दवाखाने, साधनं, प्रशिक्षण यांना पैसा दिला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यात आपला महाराष्ट्र होता. हळूहळू शाळेच्या वर्गातली शस्त्रक्रिया बंद झाली. गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया मात्र रुग्णाला दवाखान्यात नेऊन, व्यवस्थित ऑपरेशन थिएटरमध्येच करायची, ही पद्धत आली. आपल्या गल्लीत शिबिराची बस उभी दिसते, ती यासाठी.

दुसरा बदल भिंगाचा. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केली होती. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे अॅक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्याने ते सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून ही कल्पना. पण ते भिंग आपल्या खेड्यातल्या माणसाला परवडेल अशा किमतीत यायला १९९२ उजाडलं, जेव्हा मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने भारतात भिंगं बनवायला सुरुवात केली.

१९९६ साली बाईंनी उजवा डोळा दाखवायला होकार दिला. बापूजी स्वतः पुण्याच्या दवाखान्यात आधी जाऊन आले. हत्यारं कशी निर्जंतुक करतात, रात्री दुखलं तर डॉक्टर कोण असतात, नंतर किती वेळा तपासतात, सगळं विचारून कागदावर लिहून आणलं. किराणा दुकानदाराच्या चौकशीला तिथल्या डॉक्टरांनी न कंटाळता उत्तरं दिली, हे मला फार आवडलं. शस्त्रक्रिया झाली, भिंग बसलं. महिन्याभराने बाईंनी स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातली परात काढून घेतली. म्हणाल्या, "तेरा वर्षं तू निवडलंस. खडे ठेवतेस तू." पुढे शेवटपर्यंत आमच्या घरचं धान्य बाईंनीच निवडलं.

नंतर आम्ही नागापूरला राहायला आलो. नगरमध्येही सोय वाढली होती. जिल्ह्यातल्या चिचोंडीत जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज २८ मार्च १९९२ रोजी नगरलाच देवलोकी गेले. त्यांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने हॉस्पिटल उभं केलं. पुण्यतिथीच्या सुमारास तिथे निरनिराळ्या आजारांची मोफत शिबिरं होतात, ती आपल्याला ठाऊक आहेतच. जातिधर्म न विचारता माणूस आत येतो.

माझी क्लबच्या शिबिरातली वही सुरू झाली ती अशीच, कोणीतरी बोलावलं म्हणून. पहिल्या वर्षी मी दोन रकाने वाढवले. 'बसमध्ये बसले का' आणि 'महिन्याने पुन्हा तपासले का'. क्लबचे एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, "वहिनी, हा काय बँकेचा हिशोब आहे का?" मी म्हटलं, "भाऊ, बँकेपेक्षा अवघड आहे. तिथे पैसे कमी पडले तर लगेच कळतं. इथे माणूस कमी पडला तर कोणाला कळत नाही."

खरंच तसं निघालं. एका खेपेला सत्तावीस जणांना शस्त्रक्रियेसाठी निवडलं होतं, बसपाशी एकोणीसच आले. मी आणि क्लबच्या दोघी जणी उरलेल्यांच्या घरी गेलो. एकाला सोबत यायला कोणी नव्हतं, मुलगा दुसऱ्या पाळीला. एका बाईंची साखर जास्त निघाली म्हणून आधी ती आटोक्यात आणायला सांगितलं होतं. तिचा अर्थ त्यांनी 'आपलं होणार नाही' असा घेतला होता. एकाने तर, मोतीबिंदू अजून पिकला नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून बेत रद्द केला. मैत्रिणींनो, ही जुनी समजूत तुमच्याही घरात असेल तर काढून टाका. आता मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. फार पिकू दिला तर उलट त्रास वाढतो.

तेव्हापासून क्लबने सोबतीला स्वयंसेवक द्यायला सुरुवात केली. साखर आणि रक्तदाब तपासण्याचं टेबल शिबिराच्या दारातच आलं, आणि ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांना पंधरा दिवसांनी फोन जाऊ लागला. डोळ्याच्या निमित्ताने माणसाची पूर्ण तब्येत कळते. काचबिंदू आणि साखरेमुळे होणारा पडद्याचा आजार यांत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून आधी कळणं हाच त्यावर उपाय. वस्तीतल्या साध्या बाया आरोग्याचं केवढं काम करू शकतात ते आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर बायकाच आरोग्यसेविका झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमचं काम त्यापुढे काहीच नाही, पण दारोदार जाऊन विचारायचं, ही रीत तीच.

आजही देशात पन्नाशीच्या पुढच्या माणसांना येणाऱ्या अंधत्वात सुमारे दोन-तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे, असं २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. म्हणजे काम संपलेलं नाही. तुमच्या गावात शिबिर असेल तर घरच्या मोठ्यांना न्या, पण निवडलेल्या दाण्यासारखी चौकशी करा. शस्त्रक्रिया कुठे होणार? रात्री दुखलं तर फोन कोणाला करायचा? थेंब किती आठवडे? पुन्हा तपासणी कधी? डोळा लाल झाला, ठणकला किंवा दिसणं कमी झालं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. असे प्रश्न विचारण्यात सेवेचा अपमान नाही. आणि तुम्ही स्वतः सेवा करत असाल, तर त्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा.

त्या आजींना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "आजी, फुकट आहे, पण कसंही नाही. आणि काही बिघडलं तर हा माझा नंबर, मध्यरात्रीही फोन करा." त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. परवा फेरतपासणीला त्या आल्या होत्या. माझ्या टेबलाशी थांबून वहीत डोकावल्या आणि विचारलं, "माझं नाव कंचं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. तरी त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग मी त्यांच्यासमोरच शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पुन्हा तपासले, दिसते.'